टिपणीसांचा नैवेद्य

लग्नाच्या पंगतीत डॉ. टिपणीस शेजारी येऊन बसले की मी आधी जिलबी संपवून घ्यायची. कारण मसालेभात वाढून होईपर्यंत त्यांनी पलीकडच्या पाहुण्याला "सकाळी साफ होतं का?" हे विचारलेलं असायचं, आणि भातावर तूप पडेपर्यंत ते रंगापर्यंत पोचलेले असायचे. पाहुणा मुलाकडचा असला तर त्या बिचाऱ्याला धड उठताही यायचं नाही. टिपणीसांच्या स्वतःच्या जेवणावर या चर्चेचा काडीचाही परिणाम होत नसे. ते मठ्ठा मागून घेत, मिशी पुसत आणि पुढचा प्रश्न विचारत.

शेवटी खिशातून पेन निघायचं आणि हाताशी जो कागद असेल त्यावर मोठं आतडं काढलं जायचं. उजवीकडून वर चढायचं, आडवं जायचं, डावीकडून खाली उतरायचं. आमच्या घरी एक लग्नपत्रिका होती, तिच्यावर पुढे श्रीगणेश आणि मागे मोठं आतडं. लग्न झालेल्या जोडप्याचं नाव मी विसरले, पण ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या सासूबाई त्या पत्रिकेला हात लागला की हात धुऊन यायच्या.

मी भाईंदर पूर्वेला जनरल प्रॅक्टिस करत होते. गिरगावातली एक खोली देऊन इथे दोन खोल्या घेणाऱ्या कुटुंबांपैकी आमचं एक. दवाखाना तळमजल्यावर, एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला बांगड्यांचं दुकान. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझ्या बरोबर डोक्यावरच्या फ्लॅटला एक पाटी लागली. पाटीवर नाव लहान आणि पदव्या मोठ्या होत्या, आणि सगळ्यात खाली 'आतड्याच्या विकारांचे संशोधन केंद्र' असं लिहिलेलं होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक तपासणीचं टेबल, एक फ्रीज आणि एक सुटकेस. सुटकेसमध्ये आतडं आतून बघायची दुर्बीण होती. लांब, काळी, एका टोकाला डोळा लावायची. ती त्यांनी परदेशातून वापरलेली आणली होती आणि तिला ते पोटच्या पोरीसारखं जपत.

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ते आधी होते. तिथून का निघालात असं विचारलं की "तिथे राजकारण फार" म्हणायचे. पहिल्या भेटीत त्यांनी मला वर चहाला बोलावलं आणि खिडकीपाशी नेलं. खाली गल्लीत बायका भाजी घेत होत्या, गिरणीपुढे डबे लागले होते, दोन पोरं सायकलवरून पडून भांडत होती.

"इथे मटेरियल आहे, मॅडम," ते म्हणाले. "एकदम ताजं. कुणी हात लावलेला नाही."

मटेरियल म्हणजे आम्ही सगळे, हे समजायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

त्यांचं संशोधन काय होतं ते सांगायला हवं. मोठ्या आतड्याला सूज येते, त्यात जखमा होतात, रक्त पडतं, माणूस वर्षानुवर्षं संडासाच्या दाराशी बांधला जातो, असे दोन आजार आहेत. एक कोलायटिस आणि दुसरा क्रोन्स. आम्ही शिकलो तेव्हा हे गोऱ्या लोकांचे आजार मानले जायचे. आपल्याकडे असली लक्षणं दिसली की अमीबा समजायचं, नाहीतर आतड्याचा टीबी. टिपणीसांचं म्हणणं असं की हे आजार आपल्याकडेही आहेत, फक्त आपण बघत नाही. खोटं कशाला बोलू, यात ते चुकीचे नव्हते. पण माणूस बरोबर असला की शहाणा असतोच असं नाही, आणि चांगला असतो असं तर मुळीच नाही.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "पेशंट म्हणजे नुसता पत्ता, मॅडम. त्या पत्त्यावर राहतो तो आजार." हे वाक्य ते पेशंटसमोर बोलायचे आणि पेशंट भारावून मान डोलवायचा. नावं त्यांना आठवत नसत. "माझा हाटकेश भागातला कोलायटिस" आज येणार, "ती डावीकडची" गोळ्या घेत नाही, असं चालायचं. टाय मात्र बाराही महिने. मिठागरावरून येणाऱ्या दमट वाऱ्यात बाकीची माणसं बनियनवर बसलेली असायची आणि हे टाय सावरत जिना चढायचे.

आता दुर्बिणीची तपासणी करायची तर पेशंटचं पोट आतून लख्ख करावं लागतं. त्यासाठी एरंडेल, एनिमा आणि मग अर्धा दिवस संडास. ज्यांनी ती वर्षं इथे काढली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. नळाला पाणी यायचं ते करंगळीएवढं, तेही आलं तर. सोसायट्या टँकरवर जगत होत्या. टिपणीसांचा एक पेशंट तयार व्हायला अख्ख्या मजल्याचं पाणी जायचं, आणि ते एका दिवशी तिघा-चौघांना बोलवायचे.

सोसायटीचे सेक्रेटरी नटूभाई शहा, त्यांचं खाली कटपीसचं दुकान. एक दिवस ते जिन्यातच उभे राहिले.

"डॉक्टरसाब," नटूभाई म्हणाले, "आप आदमी को अंदर से खाली करते हो, उसमें हमारी टंकी खाली हो जाती है. टँकर के दिन बुलाओ ना सबको."

"आजार टँकर बघून येत नाही," टिपणीस म्हणाले.

"तो टँकर आप मंगवाओ."

टिपणीस टाय सावरत वर गेले. जे संशोधनाच्या कामाचं नाही ते त्यांच्या कानातून आत जातच नव्हतं. शेवटी नटूभाईंनीच जिन्यात बोर्ड लावला की दुर्बिणीचे पेशंट फक्त टँकरच्या दिवशी. आणि भाईंदरमध्ये संशोधन हे टँकरवाल्याच्या मर्जीने होऊ लागलं.

याच नटूभाईंच्या मुलाने पुढे टिपणीसांना देव करून टाकलं. बरीच वर्षं त्या पोराला रक्त पडत होतं, आणि आम्ही सगळे, म्हणजे मीसुद्धा, त्याला अमीबाच्या गोळ्या देत आलो होतो. टिपणीसांनी दुर्बीण घातली, कोलायटिस म्हणून सांगितलं, औषध सुरू केलं, आणि दोन-तीन महिन्यांत पोरगा घोड्यावर बसायला तयार झाला. लग्नात टिपणीसांना व्यासपीठावर बसवून शाल दिली. बोर्ड उतरला. पुढे त्यांच्या पेशंटांसाठी नटूभाई स्वतःच्या खर्चाने टँकर मागवू लागले. हात त्यांचा चांगला होता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते. त्या एका यशाने मात्र त्यांचं डोकं जे वर गेलं ते परत खाली आलं नाही.

मग त्यांनी जवळच्या समुद्रकाठच्या उत्तन गावाकडे मोर्चा वळवला. भाईंदरचे गुजराती शाकाहारी, उत्तनचे ख्रिस्ती कोळी मासे खाणारे, तर दोघांच्या आतड्यांत फरक काय ते त्यांना बघायचं होतं. रविवारी चर्च सुटायच्या वेळी ते टाय लावून बाहेर उभे राहायचे आणि मिस्सा ऐकून येणाऱ्या माणसांना विचारायचे, दिवसातून कितीदा. एका म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"देवाच्या दारात हाय मी," ती म्हणाली. "इथं हे इचारतात व्हय? तुला आयबाप हायत का न्हाय?"

टिपणीसांनी वहीत तिच्यापुढे 'उत्तर नाही' अशी खूण केली आणि पुढच्याकडे वळले. ही हकिकत त्यांनी मला स्वतः सांगितली, लोक किती मागासलेले आहेत याचा दाखला म्हणून.

उत्तनचीच फिलोमिना. भाईंदरच्या बाजारात मासे विकायची. तिशीही न गाठलेली, खणखणीत आवाजाची, एक मूल पदरात. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि पोलकं अंगावर लोंबत होतं. उजव्या बाजूला खाली पोट दुखायचं, जुलाब व्हायचे, रोज संध्याकाळी ताप. पोटाला हात लावला तर त्याच जागी गाठ लागत होती.

"अन्न जात न्हाय, डॉक्टरीणबाय," ती म्हणाली. "पोर दूध मागतो तर माझ्याकडं काय हाय? माझ्या पोटात काय हाय ते तेवढं सांगा मला."

माझ्या मनात टीबी होता. पण खात्री करायची तर आतून तुकडा काढून तपासायला हवा होता आणि दुर्बीण आमच्या भागात एकट्या टिपणीसांकडे. मी तिला वर पाठवली. बाईमाणूस, घाबरलेली, म्हणून तपासणीच्या वेळी मी तिचा हात धरून शेजारी उभी राहिले. म्हणूनच पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

टिपणीसांनी डोळा लावला आणि थोड्या वेळाने त्यांच्या तोंडून असा आवाज आला, जसा लहान मूल खेळण्याच्या दुकानात काढतं. "क्रोन्स," ते म्हणाले. "मॅडम, क्रोन्स आहे हो. टेक्स्टबुक." त्यांनी बारीक चिमट्याने तुकडे काढायला सुरुवात केली. पहिले चांगले, जाड, जखमेच्या कडेचे तुकडे निघाले ते त्यांनी आपल्या छोट्या बाटल्यांत टाकून फ्रीजरमध्ये ठेवले, अभ्यासासाठी. मग हात भरून आला, पेशंट कण्हायला लागली, तेव्हा शेवटी निघालेला भुगा त्यांनी फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला. ती बाटली पॅथॉलॉजिस्टकडे जाणार होती. म्हणजे फिलोमिनाच्या रिपोर्टसाठी भुगा.

मी बाहेर येऊन विचारलं, "हे उलट नाही झालं का?"

"नैवेद्य आधी देवाला दाखवतात, मॅडम," टिपणीस हात पुसत म्हणाले. "मग घरच्यांनी जेवायचं."

ही त्यांची रोजची पद्धत होती, हे मला त्या दिवशी कळलं. बहुतेकांचं निभावून गेलं होतं, कारण भुग्यातूनही कधी कधी समजतं. फिलोमिनाचं समजलं नाही. रिपोर्ट आला की नमुना अपुरा आहे, काही सांगता येत नाही, पुन्हा पाठवा.

मी जिना चढून वर गेले. म्हटलं, फ्रीजरमधल्या बाटल्यांतली एक पॅथॉलॉजिस्टला द्या. टीबी असला तर त्यातून जंतू वाढवून बघता येतील. क्रोन्स समजून स्टेरॉईड दिलं आणि निघाला टीबी, तर ते चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखं होईल. टीबी आतून सगळं फस्त करून टाकेल.

"त्या बाटल्या स्टडीच्या आहेत," ते म्हणाले.

"आतडं तिचं आहे," मी म्हटलं.

"होतं," टिपणीस म्हणाले, आणि हसले. हा विनोद होता.

मग निदान पुन्हा दुर्बीण घालून तुकडा घ्या, असं मी म्हटलं. ते म्हणाले, आजार मी डोळ्याने बघितलाय, मला कागदाची गरज नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी स्टेरॉईड सुरू केलं.

आणि फिलोमिना सुधारली. स्टेरॉईडने तसं होतंच काही दिवस. ताप गेला, भूक लागली, गाल वर आले. मी तिला सरळ सांगितलं की हे बरं होणं खरं नाही, मुंबईला दाखव, मी चिठ्ठी देते. ती बाजारात माशांच्या पाटीमागे बसली होती, खूप दिवसांनी पुन्हा आवाज चढवून.

"डॉक्टरीणबाय, मी जेवते आता," ती म्हणाली. "पोराला दूध हाय. तुमी म्हनता ते सोडू? आनि कोन जानार मुंबईला?"

तिच्या सासूने तर टिपणीसांसाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती. मी चिठ्ठी लिहून दिलीच. तिने ती पाटीखाली ठेवली.

त्यानंतर आमच्या डॉक्टरांच्या असोसिएशनची महिन्याची सभा भरली, शाळेच्या हॉलमध्ये, वेफर्स आणि सामोसे. टिपणीसांनी त्यात 'भाईंदरमधील पहिला सिद्ध क्रोन्स' असं भाषण केलं आणि फिलोमिनाला स्वतः रिक्षाने घेऊन आले. ती चर्चला जायची साडी नेसली होती, केसांत अबोली होती. पडद्यावर तिच्या आतड्याचा फोटो, पडद्याखाली ती स्वतः खुर्चीवर. टिपणीस काठीने एकदा फोटो दाखवायचे, एकदा तिचं पोट. भाषण संपलं तेव्हा तिने हात वर केला.

"ह्या गोल्या कवा बंद करायच्या?" तिने विचारलं.

"ते नंतर," टिपणीस म्हणाले. "आता डॉक्टर लोक प्रश्न विचारतील."

मागच्या रांगेत एक म्हातारे डॉक्टर होते, आयुष्यभर सरकारी टीबी दवाखान्यात काम करून रिटायर झालेले. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "टीबी नाही हे कसं ठरवलंत?"

"रिपोर्ट अपुरा आला. पण स्टेरॉईडने सुधारणा झाली, तोच पुरावा."

"दुसरा तुकडा आहे?"

"आहे, पण तो स्टडीत आहे."

म्हातारे उठले, फिलोमिनापाशी गेले, तिला म्हणाले, "बाई, हा गृहस्थ तुझं पोट घरी ठेवून बसलाय, ते मागून घे." सगळे हसले. फिलोमिनाही हसली, कारण तिला वाटलं थट्टा चालली आहे. मी हसले नाही. पण त्या हसण्याने टिपणीस जरा ओशाळले असावेत, कारण जिन्यात मला म्हणाले की या केसवरचा पेपर मासिकाला पाठवून झाला की देतो एक बाटली.

तो योग आला नाही. आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि वीज गेली ती लवकर आली नाही. टिपणीस वेडेपिसे झाले. फ्रीजरमधला त्यांचा सगळा संग्रह वितळायला लागला होता. ते धावत मासळीबाजारात गेले, बर्फ मागायला. बर्फाच्या लाद्या दिल्या फिलोमिनानेच. डॉक्टरला बर्फ पायजे म्हणून तिने आपल्या पापलेटांखालचा काढून दिला, वर पोऱ्याबरोबर आणखी एक लादी पाठवली. तिच्या पोटातलाच तुकडा टिकवायला तो बर्फ हवा होता, हे तिला कुणी सांगितलं नाही. बर्फाचं पाणी झालं, जिन्यात वास सुटला, नटूभाईंनी उदबत्त्या लावल्या. सगळ्या बाटल्या फेकाव्या लागल्या. टिपणीसांच्या डोळ्यांत पाणी मी फक्त त्या दिवशी बघितलं. खुर्चीवर बसून, टाय सैल करून, ते अक्षरशः रडत होते. आणि मला त्यांची कीव येईना, हे मी अगदी उघड सांगते.

पुढच्याच आठवड्यात माशांच्या टेम्पोतून फिलोमिनाला माझ्या दवाखान्यात आणली. पोट फळीसारखं कडक, अंग गार, डोळे आत गेलेले. आतडं फुटलं होतं. सासू म्हणत होती, काल जेवली हो, काल पोटभर जेवली. मी सलाईन लावून त्याच टेम्पोतून तिला मुंबईच्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. रस्ताभर तिने माझी बोटं धरून ठेवली होती.

"माझ्या पोटात काय हाय?" ती तिथेही विचारत होती.

सर्जन माझ्या ओळखीचे निघाले. त्यांनी पोट उघडलं, फुटलेलं आतडं कापून काढलं आणि पोटावर शौचासाठी पिशवी लावली. टीबीच होता. उघड, ढळढळीत, डोळ्यांना दिसेल असा. ती वाचेल की नाही हे दोन दिवस कुणी सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत ऐकून टिपणीस तिथे गेले. मला आशा वाटली होती की माणूस निदान बघायला गेला. सर्जननी नंतर मला जे सांगितलं ते असं. टिपणीस वॉर्डात न जाता सरळ ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आले. हातात बाटली होती.

"काढलेला भाग कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"पेशंट वॉर्डात आहे, शुद्धीवर येतेय," सर्जन म्हणाले. "बघायचं असेल तर बघा."

"हो, हो, ती होईल बरी. तो भाग फेकला तर नाही ना?"

सर्जननी त्यांना दार दाखवलं.

ती जगली. बरेच महिने पिशवी बाळगून, टीबीची औषधं घेत, उत्तनला पडून राहिली. तिचं पोर सासूने वरच्या दुधावर वाढवलं. बाजारातली तिची जागा दुसरीने घेतली होती. मी अधूनमधून जायची. टिपणीसांना मी जिन्यात गाठून सांगितलं की टीबी निघाला, बाई मरता मरता वाचली. ते जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"वाईट झालं," ते म्हणाले. "स्टडीतून एक केस गेली."

मी असोसिएशनच्या सभेत हे सगळं, जसं घडलं तसं, उभी राहून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, चर्चा चांगली झाली. मग चहा आला. मी टिपणीसांकडे पुन्हा एकही पेशंट पाठवला नाही, आणि याने त्यांचं काही बिघडलं नाही. नटूभाईंच्या नातेवाइकांनीच त्यांचा दवाखाना भरून जात होता. काही वर्षांनी त्यांनी पूनम सागर वसाहतीकडे मोठी जागा घेतली, चोवीस तास पाण्याची. जाताना मला पेढे देऊन गेले. मी ते गिरणीवाल्याच्या पोरांना दिले.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. फिलोमिनाच्या पोटावरची पिशवी केव्हाच निघाली होती, औषधं संपली होती आणि ती बाजारात परत आली होती, पहिल्यापेक्षा जाड आणि पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजाची. मी तिच्याकडे बोंबील घेत होते. तेवढ्यात टिपणीस आले. टाय होता, केस काळे केलेले. त्यांनी एक रावस हातात घेऊन उलटा सुलटा बघितला, घासाघीस केली आणि साफ करून द्यायला सांगितला. माझ्याकडे बघून मान हलवली. तिच्याकडे बघितलंही नाही.

फिलोमिनाने कोयता हातात घेतला. मग थांबली.

"डॉक्टर, मला वळखलं का?"

टिपणीसांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, काही बोध झाला नाही. मग त्यांची नजर खाली, तिच्या पोटाकडे गेली, उजव्या बाजूला, आणि चेहरा उजळला.

"अरे, उजवी बाजू," ते म्हणाले. "तुझा टीबी निघाला होता. तुझ्यामुळे माझा पेपर परत आला बघ." आवाजात राग नव्हता. जुनी ओळख निघाल्यासारखे ते आनंदाने बोलत होते.

फिलोमिनाने पुन्हा कोयता उचलला. तिने रावसाचं पोट फाडलं, आतली आतडी एका ओढीत बाहेर काढली आणि ओंजळीत धरून त्यांच्यापुढे केली.

"ही बी न्या," ती म्हणाली. "तपासाला."

आजूबाजूच्या कोळणी हसायला लागल्या. मीही हसले, इतकं की माझ्या पिशवीतले बोंबील खाली पडले. मला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, कुणीतरी त्या माणसाला तोंडावर सांगितलं.

टिपणीस वाकले. चष्मा नाकावर वर सरकवून त्यांनी ती आतडी बघितली.

"माशांना हा आजार होत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. मग आणखी खाली वाकून, "म्हणजे, तसं कुणी बघितलेलं नाही म्हणा."

आणि त्यांनी तिला सांगितलं, "जरा वेगळं बांधून दे."

कोळणींचं हसणं थांबलं. फिलोमिनाने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तिने ती आतडी एका पानात गुंडाळली, दोरा बांधला आणि त्यांच्या हातात दिली. टिपणीस बाजाराच्या तोंडाशी जाऊन रिक्षात बसले. रावसाची पिशवी त्यांनी पायाशी टाकली. पुडी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरून.